बीडीएसच्या प्रवेशापूर्वी दंत दवाखान्यातील अनुभव : मराठवाड्यातील विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारत असलेले प्रश्न

नीटचा निकाल जवळ आला की लातूर, नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून दंतवैद्यकाकडे वळू पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक जवळपास तेच प्रश्न पुन्हा पाठवतात. ते प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः दंतवैद्य असल्यामुळे काही उत्तरांत नियमांच्या जोडीला माझे मतही आले आहे, आणि ते मत आहे हे तिथेच स्पष्ट केले आहे.

१. बीडीएसला प्रवेश मिळण्यासाठी दवाखान्यात काम केल्याचा अनुभव लागतो का?

नाही. भारतात बीडीएसचा प्रवेश नीटच्या ७२० गुणांवर आणि त्यातून तयार होणाऱ्या गुणवत्ता यादीवर होतो. त्याशिवाय बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के व राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असणे, या अटी आहेत. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के जागांची प्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष राबवतो. या संपूर्ण प्रक्रियेत मुलाखत नाही, निबंध नाही, आणि अनुभव नोंदवण्यासाठी अर्जात रकानाही नाही. परदेशातील दंत विद्यालयांची पद्धत वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न २२ आणि २३ पाहावेत.

२. मराठवाड्यातल्या दवाखान्यात अनुभव घेतला तर मराठवाड्याच्या कोट्यात काही फायदा होतो का?

होत नाही, आणि तसा प्रादेशिक कोटाही आता राहिलेला नाही. महाराष्ट्रात पूर्वी ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा इतर विभागांसाठी असे वाटप होते. ते राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले.

३. गुण मिळणार नसतील, तर त्यात वेळ कशाला घालवायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझ्या दृष्टीने या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्नही हाच आहे.

एमबीबीएस आणि बीडीएस यांचे पसंतीक्रम एकाच गटाच्या अर्जात भरले जातात. त्यामुळे आपल्याकडे असंख्य विद्यार्थी दोन वर्षे एमबीबीएसच्या तयारीत काढतात, थोडक्या गुणांनी ती जागा हुकते, आणि पसंतीक्रमात खाली लिहिलेले बीडीएस हाती येते. त्या क्षणी त्यांनी दंतवैद्याचे काम पाहिलेले असते ते फक्त खुर्चीत आडवे होऊन, तोंड उघडून आणि बहुधा डोळे मिटून. पाच वर्षांचे शिक्षण, म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, आणि त्यापुढचे सगळे आयुष्य ज्या कामात जायचे, ते काम एकदाही उभे राहून न पाहता निवडले जाते.

दंतवैद्यक हे हातांचे काम आहे. दोन बोटांच्या जागेत, गालाआड, ओल्या पृष्ठभागावर, आरशातल्या उलट्या प्रतिमेकडे पाहत तासन्‌तास काम करावे लागते. मान आणि कंबर वर्षानुवर्षे एका बाजूला झुकलेली राहते. रुग्ण शुद्धीवर असतो, घाबरलेला असतो, आणि आपण काय करत आहोत ते त्याला कळत असते. कित्येकांना हेच काम मनापासून आवडते, कारण ठणकणारी दाढ घेऊन आलेला माणूस तासाभरात हसत घरी जातो आणि ते सुख डॉक्टरला लगेच मिळते. कित्येकांना ते पहिल्या आठवड्यातच नकोसे होते. आपण यांतले कोण आहोत हे नीटच्या गुणपत्रिकेतून कळत नाही, दवाखान्याच्या कोपऱ्यात शांतपणे उभे राहिल्यावर कळते. म्हणून गुणवत्ता यादीत ज्याला शून्य किंमत आहे, त्या अनुभवाला निर्णयात मी फार मोठी किंमत देते.

४. ‘अनुभव’ म्हणजे नेमके काय धरायचे? नुसते बसून बघितले तर चालते का?

बारावीच्या वयात नुसते लक्षपूर्वक बघणे हाच मुख्य अनुभव आहे. त्याच्या जोडीला नोंदणीच्या टेबलावर मदत करणे, रुग्णांच्या पुढच्या तारखा वहीत लिहिणे, दंत प्रयोगशाळेतील काम पाहणे (प्रश्न १६), शाळांमधील दंत तपासणी शिबिरात मुलांच्या रांगा लावणे आणि नावे नोंदवणे, हे सगळे उपयोगाचे आहे. वृद्धाश्रमात किंवा दिव्यांग मुलांच्या शाळेत केलेली सेवा दंतवैद्यकाशी थेट संबंधित वाटत नाही, पण बोलता न येणाऱ्या किंवा सहकार्य करू न शकणाऱ्या माणसाशी धीराने कसे वागायचे ते तिथे शिकायला मिळते, आणि दवाखान्यात रोज त्याचीच गरज पडते.

५. कधी जावे? अकरावी-बारावीत कोचिंगमधून श्वास घ्यायला वेळ नसतो.

लातूर आणि नांदेडच्या कोचिंगचे वेळापत्रक पाहता ही अडचण खरी आहे, म्हणून बारावीच्या वर्षात जाऊच नये असे मी सांगते. दोन वेळा सोयीच्या आहेत. पहिली दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत, म्हणजे शाखा ठरवण्याआधी. दुसरी, आणि जास्त उपयोगाची, नीटनंतर. परीक्षा साधारणपणे मे महिन्यात होते आणि पसंतीक्रम भरेपर्यंत काही आठवडे हातात असतात. एरवी हे दिवस संभाव्य कटऑफ पाहण्यात जातात. त्यांतले आठ-दहा दिवस दवाखान्याला दिले, तर पसंतीक्रम भरताना स्वतःची माहिती हाताशी असते. सलग जाणे शक्य नसेल तर आठवड्यातून दोन दिवस, पण एकाच दवाखान्यात जावे, कारण एकाच रुग्णाची दुसरी आणि तिसरी भेट पाहायला मिळाली तरच उपचार म्हणजे काय ते समजते.

६. आमच्या घरात कोणी डॉक्टर नाही, ओळख नाही. कोणाला आणि कसे विचारावे?

ओळख लागत नाही, रीतसर विचारणे लागते. तालुक्याच्या ठिकाणी आता बहुतेक सर्वत्र दंत दवाखाना आहे, आणि तिथले अनेक डॉक्टर स्वतः खेड्यातून आलेले आहेत. ज्यांच्याकडे आपण किंवा घरातील कोणी उपचार घेतले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नये, कारण त्या दिवशी आसपासच्या गावांतून गर्दी असते. सकाळचे रुग्ण संपत आलेले असतात ती दुपारची वेळ बरी. फोनवर संदेश पाठवण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन, शक्य असल्यास आई किंवा वडिलांना सोबत घेऊन भेटावे.

बोलणे थोडक्यात आणि स्पष्ट असावे: “सर, माझी नीट झाली आहे आणि बीडीएसचा विचार आहे. प्रवेशाआधी हे काम जवळून बघायची इच्छा आहे. आपली परवानगी असेल तर दहा दिवस, रोज दोन तास, मी एका बाजूला उभा राहून बघेन. कशाला हात लावणार नाही, आणि रुग्णाला नको असेल तेव्हा बाहेर थांबेन.” या शेवटच्या वाक्याने डॉक्टरांची मोठी काळजी दूर होते. नकार मिळाला तर तो मनाला लावून घेऊ नये. लहान दवाखान्यात तिसऱ्या माणसाला उभे राहायला जागाच नसते, हे कारण अनेकदा अगदी खरे असते. अशा वेळी “आपल्या ओळखीत कोणी आहे का?” एवढे विचारून यावे.

७. सरकारी रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात बघायला मिळते का?

मिळू शकते, मात्र तिथे लेखी अर्ज करावा लागतो आणि परवानगी देणे पूर्णपणे त्या संस्थेच्या प्रमुखांच्या हाती असते. महाविद्यालयात अधिष्ठाता किंवा प्राचार्य यांच्याकडे, जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयासाठी तेथील वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. त्याशिवाय त्याच शहरात कांचनवाडीला, तसेच लातूर, नांदेड आणि परभणी येथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. परवानगी मिळाली नाही तरी आपल्या किंवा नातेवाइकांच्या उपचाराच्या निमित्ताने महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक दिवस जरूर बसून यावे. रांगेने मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि त्याचे काम तपासून सही करणारे शिक्षक, हे दृश्य म्हणजे आपले पुढचे काही वर्षांचे जीवन असते.

८. तिथे गेल्यावर मी काय करू शकतो आणि काय करू नये?

बघणे, ऐकणे, रुग्णाची परवानगी असताना बाजूला उभे राहणे, नोंदी ठेवण्यात मदत करणे, रुग्णाला आत बोलावणे, लहान मुलाशी गप्पा मारणे, इथपर्यंत आपली मर्यादा. रुग्णाच्या तोंडात हात घालणे, इंजेक्शन भरणे किंवा देणे, दात साफ करणे, माप घेणे, औषध सांगणे, यांपैकी काहीही करू नये. १९४८ चा दंतवैद्यक कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेला राष्ट्रीय दंत आयोग कायदा या दोन्हींची भूमिका एकच आहे: नोंदणी असल्याशिवाय दंतोपचार करता येत नाहीत.

वापरलेली उपकरणे धुण्यास मदत करतो, असे अनेक विद्यार्थी उत्साहाने सांगतात. तेही करू नये, कारण सुईटोच आणि टोकदार उपकरणांच्या जखमा उपचारापेक्षा आवराआवर करतानाच सहज होतात. एक्स-रे काढताना खोलीबाहेर थांबावे आणि फिल्म किंवा आरव्हीजीचा (संगणकावर दिसणाऱ्या डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर रुग्णाच्या तोंडात धरून ठेवण्यास सांगितले तरी नम्रपणे नकार द्यावा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला किरणोत्सर्गाच्या कामावर ठेवता येत नाही.

९. लस घ्यावी लागते का?

हिपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्ग रक्तातून होतो, आणि दंतवैद्यकात रक्ताशी रोज संबंध येतो. लसीचे तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी लस घेतली असल्यास लसीकरणाचे कार्ड शोधून ठेवावे, नसल्यास आपल्या डॉक्टरांशी बोलून आताच सुरू करावी. बीडीएसला प्रवेश घ्यायचा असेल तर ती पुढे लागणारच आहे.

१०. दवाखान्यात उभा राहतो, पण नेमके काय बघायचे ते कळत नाही. चार दिवसांत कंटाळा आला.

दाताकडे बघत राहिले तर कंटाळा येणारच, कारण बाजूला उभे असलेल्याला तोंडाच्या आतले फारसे दिसत नाही. म्हणून आधी माणसाकडे बघावे. “दाढ लई ठणकायलीय” म्हणणारा रुग्ण आला की डॉक्टर काय विचारतात ते ऐकावे. गार पाण्याने कळ येते आणि लगेच थांबते, की पाणी गिळून झाले तरी बराच वेळ राहते? रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो का? चावताना दुखते का? पहिल्या प्रकारात अनेकदा दात भरून भागते. दुसऱ्या प्रकारात दाताची नस सुजलेली असण्याची शक्यता मोठी आणि रूट कॅनालपर्यंत जावे लागते. निदानाचा बराचसा भाग आरसा हातात घेण्याआधीच होतो, हे दोन दिवसांत लक्षात येईल.

दुसरी गोष्ट, मराठवाड्याच्या तोंडात दिसणारा मराठवाडा. वीस-बावीस वर्षांचा तरुण येतो आणि त्याचे तोंड नीट उघडत नाही. डॉक्टर त्याला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतात, आणि जेमतेम दीड बोट जाते. सुपारी आणि गुटखा यांमुळे गालाची आतली कातडी घट्ट आणि पांढुरकी होत जाण्याचा हा विकार आहे, आणि त्यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही असे रुग्ण येतच राहतात. नांदेड जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांतून आलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम चालते, असे भारतीय मानक आहे. दात घासून हे डाग जाणार नाहीत, हे त्या मुलाच्या आईला डॉक्टर कोणत्या शब्दांत सांगतात, तेही ऐकण्यासारखे असते.

बीड जिल्ह्यात किंवा आसपास असाल तर दसऱ्याच्या सुमारास दवाखान्यात बसून पाहावे. ऊसतोडीला निघण्याआधी जोडपी येतात आणि “डॉक्टर, आजच काढून टाका, परत यायला जमणार नाही” म्हणतात. जो दात रूट कॅनाल करून वाचला असता, तो तीन-चार भेटींना सवड नाही म्हणून काढावा लागतो. काही जण अर्धवट उपचार घेऊन जातात आणि उन्हाळ्यात गळू घेऊन परत येतात. उपचार ठरवताना रुग्णाचा रोजगार, एसटीचे भाडे आणि घरी ठेवलेले लेकरू हे सगळे डॉक्टरला लक्षात घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. वापरलेली उपकरणे धुऊन, वाळवून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जातात. १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पौंड दाबाखाली किमान १५ मिनिटे राहतात, आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला की मगच ती पुन्हा वापरात येतात. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत जातात. हे जिथे काटेकोरपणे होते तो दवाखाना शिकण्यासारखा आहे. दंत खुर्चीला सतत स्वच्छ पाणी लागते, आणि ज्या भागात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथले डॉक्टर टंचाईत दवाखाना कसा चालवतात हेही विचारून घ्यावे.

आणि गैरसमज. वरची दाढ काढली की डोळे जातात, दात साफ केले की हलायला लागतात, या दोन समजुतींना डॉक्टर दिवसातून किती वेळा आणि किती शांतपणे उत्तर देतात ते मोजून पाहावे. तोच धीर उद्या आपल्याला लागणार आहे.

११. वही ठेवावी का? त्यात काय लिहावे?

अवश्य ठेवावी. तारीख, किती वेळ होतो, कोणते उपचार पाहिले, आणि कोणती गोष्ट समजली नाही, एवढे पुरे. रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नये. “मध्यमवयीन महिला, खालची डावी दाढ, मधुमेह असल्याने आधी साखर तपासली” इतके बस. दिवसाच्या शेवटी न समजलेल्या गोष्टींपैकी दोनच निवडून डॉक्टरांना विचाराव्यात, आणि रुग्णासमोर कधीही विचारू नयेत.

१२. फोटो काढले किंवा रील केली तर?

करू नये. डॉक्टरांची परवानगी असली तरी रुग्णाने ती दिलेली नसते, आणि खुर्चीत आडवा झालेला माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. मोबाइल पिशवीतच ठेवावा.

१३. रक्त बघून मला चक्कर आली. म्हणजे मी या क्षेत्रासाठी नाही का?

तसे मुळीच नाही. पहिल्यांदा रक्त किंवा सुई पाहून रक्तदाब क्षणभर उतरणे ही शरीराची सामान्य प्रतिक्रिया आहे, आणि बहुतेकांमध्ये सरावाने ती जाते. रिकाम्या पोटी जाऊ नये, पाणी प्यावे, गुडघे ताठ ठेवून एका जागी उभे राहू नये. घेरी येते असे वाटले तर लाज न बाळगता सहायकाला सांगून बाहेर येऊन बसावे किंवा आडवे व्हावे. खुर्चीतल्या रुग्णालाही असेच होते. डॉक्टर पाठ खाली आणि पाय वर करून त्याला लगेच सावरतात. अनेक दिवसांनंतरही त्रास तितकाच राहिला, तर मात्र त्याचा गंभीरपणे विचार करावा.

१४. मुलीला एकटीला दवाखान्यात पाठवायला घरचे तयार नाहीत. काय करावे?

ही काळजी समजण्यासारखी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. जिथे महिला डॉक्टर किंवा महिला सहायक आहे असा दवाखाना निवडावा, वेळ दिवसाची ठेवावी, शक्य असल्यास दोन मैत्रिणींनी मिळून जावे, आणि पालकांनी पहिल्या दिवशी सोबत येऊन डॉक्टरांशी बोलावे. बीडीएसच्या बहुतेक वर्गांत आज मुलीच अधिक दिसतात, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही महिला दंतवैद्य सापडतात. तिथे गेल्यावर त्यांना स्वतःचा दवाखाना उभा करताना काय अडचणी आल्या आणि घर व दवाखाना यांचा मेळ त्या कसा घालतात, तेही मुलीने आवर्जून विचारावे. आईवडिलांच्या मनातले निम्मे प्रश्न त्या उत्तरांत सुटतात.

१५. मी डावखुरा आहे. अडचण येईल का?

बहुतेक खुर्च्या आणि उपकरणांची मांडणी उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी असते, त्यामुळे सुरुवातीला जुळवून घ्यावे लागते. डावखुरे दंतवैद्य उत्तम काम करतात, आणि केवळ या कारणाने विचार बदलू नये.

१६. दंत प्रयोगशाळेत गेलो तर तो अनुभव धरला जातो का?

माझ्या मते तो दवाखान्याइतकाच मोलाचा आहे, आणि तिथे रुग्ण नसल्यामुळे प्रवेशही सोपा असतो. कवळ्या आणि कॅप तयार करणारे तंत्रज्ञ जिल्ह्याच्या शहरांत असतात. दवाखान्यातून आलेल्या मापात प्लास्टर ओतणे, मेणात दात रचणे, ॲक्रिलिक शिजवणे, घासून चकाकी आणणे, हे सगळे डोळ्यांसमोर घडते. बीडीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात, तेव्हा हे पाहिलेले कामी येते. मेणाचा एक ठोकळा आणि कोरणी आणून स्वतःची सुळ्याची आकृती कोरून पाहावी. पहिला प्रयत्न वाकडातिकडा होणारच. पाहायचे ते एवढेच, की तासाभरानंतर आपल्याला पुन्हा कोरावेसे वाटते का.

१७. डॉक्टर काढलेले दात देतात, ते अभ्यासासाठी घरी न्यावेत का?

आता नको. काढलेला दात हा जैववैद्यकीय कचरा असतो आणि त्यातून संसर्ग होऊ शकतो. बीडीएसला गेल्यावर सरावासाठी खरे दात लागतात. तेव्हा महाविद्यालयाने सांगितलेल्या पद्धतीने ते निर्जंतुक करून घेता येतील.

१८. एक जण पैसे घेऊन अनुभवाचे प्रमाणपत्र देतो म्हणतो. घ्यावे का?

घेऊ नये. भारतातील प्रवेशाला त्याचा उपयोग नाही (प्रश्न १), आणि परदेशातील मुलाखतीत दोन प्रश्नांतच खोटा अनुभव उघडा पडतो. खऱ्या अनुभवाचे पत्र डॉक्टर आपल्या लेटरहेडवर विनामूल्य देतात. त्यात तारखा, एकूण तास, कामाचे स्वरूप आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा.

१९. मी रिपीटर आहे. वर्षभर दवाखान्यात पगारावर असिस्टंट म्हणून राहिलो तर?

घरची गरज नसेल तर राहू नये, कारण ते वर्ष नीटचे आहे आणि दवाखान्याची गर्दीची वेळ, संध्याकाळी पाच ते नऊ, हीच अभ्यासाची वेळ असते. घरची गरज असेल तर हे प्रामाणिक आणि शिकवणारे काम आहे. मात्र कामाचे तास आणि पगार आधी ठरवून घ्यावा, लस पूर्ण करावी, हातमोजे आणि मास्क दवाखान्याने द्यावेत, आणि परीक्षेआधीचे दोन महिने सुट्टी मिळेल हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे. उपकरणे हाताळण्याविषयी प्रश्न ८ मधील मनाई बघायला येणाऱ्यांसाठी आहे. पगारी सहायकाला ते काम करावेच लागते, म्हणून जाड हातमोजे आणि रीतसर शिकवणी यांचा आग्रह धरावा.

२०. डॉक्टर स्वतःच म्हणाले, “तूच स्केलिंग (दातांची सफाई) कर, मी बघतो.” नाही कसे म्हणू?

“सर, मला शिकायचे आहे, पण कॉलेजला गेल्यावरच हात लावेन,” असे म्हणावे. डॉक्टर जवळ उभे असले तरी नोंदणी नसलेल्याने उपचार करणे चूकच आहे, आणि त्या खुर्चीतल्या रुग्णाने आपल्याला नाही, डॉक्टरांना तोंड दाखवलेले असते. पुन्हा आग्रह झाला तर तो दवाखाना सोडावा.

२१. डेंटल हायजिनिस्ट किंवा मेकॅनिकची पदविका केली तर बीडीएसला थेट प्रवेश मिळतो का?

नाही. या दोन वर्षांच्या स्वतंत्र पदविका आहेत आणि त्यांवर रोजगारही मिळतो, परंतु त्यामुळे नीटमधून सूट मिळत नाही.

२२. इंग्लंडमध्ये बीडीएस करायचे आहे. तिथे अनुभव लागतो म्हणतात, ते खरे का?

खरे आहे. तेथील अनेक दंत विद्यालये दवाखान्यातील निरीक्षणाची किंवा लोकांची काळजी घेण्याच्या कामाची अपेक्षा ठेवतात. किती दिवस आणि कोणत्या स्वरूपाचा अनुभव, हे प्रत्येक विद्यालय स्वतः ठरवते, म्हणून त्या त्या विद्यालयाची अट वाचूनच नियोजन करावे. अर्ज यूकास या तेथील विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेमार्फत होतो, त्याची अंतिम तारीख आदल्या वर्षीची १५ ऑक्टोबर असते, आणि दंतवैद्यकासाठी जास्तीत जास्त चार विद्यालये निवडता येतात. बहुतेक ठिकाणी यूकॅट ही परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत असते. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातील निवेदन तीन ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांत लिहावे लागते.

परळी किंवा उमरग्याच्या दवाखान्यातला अनुभव तिथे कमी प्रतीचा समजला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. तिथे विचारतात ते, काय पाहिले आणि त्यातून काय समजले. ऊसतोडीला निघालेल्या रुग्णाचा दात का काढावा लागला, हे ज्याला नीट सांगता येते, त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. प्रश्न ११ मधील वही इथे कामाला येते.

२३. आणि अमेरिकेत?

तिथे साधारणपणे चार वर्षांची पदवी घेतल्यावर दंत विद्यालयात प्रवेश मिळतो आणि डॅट ही परीक्षा द्यावी लागते. दंतवैद्यासोबत राहून निरीक्षण करण्याचे तास अर्जात नोंदवावे लागतात. काही विद्यालयांची अपेक्षा १०० तासांच्या आसपास असते. म्हणून तारीखवार तास आणि डॉक्टरांची सही असलेली नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. भारतात बीडीएस करून नंतर तिकडे जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना आयएनबीडीई ही परीक्षा आणि प्रगत प्रवेशाचे (परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांना पुढच्या टप्प्यात घेणारे) अभ्यासक्रम यांतून जावे लागते, आणि तिथे बारावीनंतरच्या निरीक्षणापेक्षा आंतरवासितेतील आणि नंतरचे काम महत्त्वाचे ठरते.

२४. माझे वडीलच दंतवैद्य आहेत. त्यांच्याकडचा अनुभव चालेल का?

स्वतःच्या समजुतीसाठी नक्कीच चालेल. परदेशी अर्जासाठी मात्र नातेवाइकाचे पत्र पुरेसे मानले जात नाही, असे धरूनच चालावे आणि दुसऱ्या एखाद्या दवाखान्यातही जावे. भारतातच शिकणाऱ्यांनाही माझा तोच सल्ला आहे, कारण वडिलांच्या दवाखान्यात रुग्ण आणि कर्मचारी आपल्याला डॉक्टरांचे मूल म्हणून वागवतात, आणि जमवलेला दवाखाना पाहून नवीन दवाखाना उभा करण्याचे कष्ट कळत नाहीत.

२५. दवाखान्यात जाऊन आलो आणि हे काम नको वाटले. पण गुण एमबीबीएसला पुरणार नाहीत. आता?

सर्वप्रथम एकाच दवाखान्यावरून ठरवू नये. नावड कामाची आहे, त्या जागेची आहे, की दमछाक झाल्याची, हे तपासण्यासाठी आणखी एका ठिकाणी, शक्यतो लहान मुलांचे उपचार करणाऱ्या किंवा वेड्यावाकड्या दातांना तारा बसवणाऱ्या डॉक्टरांकडे, दोन-तीन दिवस जाऊन यावे. त्यानंतरही मन तयार नसेल तर पसंतीक्रमात बीडीएसची महाविद्यालये “राहू द्या, बघू पुढे” म्हणून भरू नयेत, कारण ठरावीक फेरीनंतर मिळालेली जागा सोडली की अनामत रक्कम जाते आणि पुढील फेऱ्यांवरही बंधने येतात. त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतील हा भाग पालकांसोबत बसून वाचावा.

नीटच्या त्याच गुणांवर महाराष्ट्रात बीएएमएस, बीएचएमएस, भौतिकोपचार आणि पशुवैद्यक यांचेही प्रवेश होतात. नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. त्यांची प्रक्रिया आणि अर्ज वेगळे असतात, त्यामुळे बीडीएसच्या निकालाची वाट न पाहता ते वेळेत भरावेत, आणि जे क्षेत्र निवडायचे त्या दवाखान्यातही आधी आठवडाभर जाऊन यावे. विचारण्याची पद्धत प्रश्न ६ मध्ये दिली आहे, तीच तिथेही चालते.